दौंडचा विसर्ग आणि डॉलरचा भाव

५ ऑगस्ट २०२४ चा सोमवार मला दोन आकड्यांमुळे आठवतो. पहिला आकडा दौंडच्या विसर्गाचा, म्हणजे तिथून भीमा नदीने येणाऱ्या पाण्याचा. उन्हाळ्यात उणे ५० टक्क्यांच्याही खाली, म्हणजे वापरायच्या पाण्याखालच्या मृतसाठ्यात गेलेलं उजनी धरण त्या दिवसांत भरत आलं होतं. सोलापूरच्या आभाळात ढग असोत-नसोत, भीमेच्या वरच्या खोऱ्यात, पुणे जिल्ह्यात पाऊस झाला की दौंडहून उजनीत पाणी येतं, हे इथल्या लहान पोरालाही माहीत असतं. त्यामुळे सकाळपासून ज्याच्या त्याच्या फोनवर एकच मेसेज फिरत होता, दौंडला किती क्युसेक. दुसरा आकडा दुपारी आला. जपानच्या शेअर बाजाराचा निर्देशांक निक्केई एका दिवसात १२ टक्क्यांहून जास्त कोसळला होता आणि सेन्सेक्स २,२२२ अंकांनी खाली आला होता. माझा भाचा धापा टाकत ऑफिसात आला. म्हणाला, "मामा, जगच बुडालंय."

मी पंचवीस वर्षं सोलापुरात सूतवाले, टॉवेल-चादरीचे कारखानदार आणि बाजार समितीतले अडते यांचे हिशेब लिहितो. त्या संध्याकाळी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात कागदांवर सह्या घ्यायला गेलो. चोवीस माग खडखडत होते. मालकांनी विचारलं, "टीव्हीवर काय ते जपानचं चाललंय, आपल्या मालाला काही होणार का?" मी म्हणालो, मला तसं वाटत नाही. झालंही नाही. दुसऱ्या दिवशी निक्केई १० टक्क्यांनी वर आला आणि कारखान्यात एक धागाही त्यामुळे तुटला नाही.

आता दुसरा दिवस सांगतो. २७ ऑगस्ट २०२५. त्या दिवशी गणेश चतुर्थी होती. शेअर बाजाराला सुट्टी होती आणि सोलापूरच्या पूर्व भागात, तेलुगू बोलणाऱ्या विणकरांच्या वस्तीत, गल्लोगल्ली गणपती बसत होते. त्याच दिवसापासून अमेरिकेत जाणाऱ्या भारतीय मालावरचा वाढीव कर ५० टक्के झाला. २५ टक्के ७ ऑगस्टपासून लागू होतेच, रशियाकडून तेल घेतल्याच्या कारणावरून आणखी २५ त्यात पडले. दुसऱ्या दिवशी सेन्सेक्स उतरला तो ७०६ अंकांनी, म्हणजे एक टक्काही नाही.

त्या आठवड्यात मी त्याच कारखान्यात होतो. पॅकिंगच्या खोलीत पुठ्ठ्याचे खोके कमरेएवढे रचून ठेवलेले, त्यांवर स्टिकरही चिकटवून झालेले. मुंबईच्या निर्यातदाराचा मेल मालकांनी मला वाचायला दिला. चारच ओळी होत्या. पुढची सूचना येईपर्यंत माल पाठवू नये. चोवीसपैकी नऊ मागांवरचे बीम, म्हणजे ताण्याच्या सुताचे रूळ, संपले होते आणि नवे चढवले नव्हते. कांडी भरणाऱ्या मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या. "मालक, उद्या येऊ का नको?" मालक म्हणाले, "या की मावशी, बघू." यापलीकडे त्यांच्याकडे उत्तर नव्हतं आणि माझ्याकडेही नव्हतं.

२,२२२ अंकांचा दिवस सोलापूरला शिवला नाही आणि ७०६ अंकांच्या दिवसाने नऊ माग थांबवले. तरीही 'जागतिक अर्थव्यवस्थेचं चित्र' म्हणून आपल्यापर्यंत जे येतं ते सगळं पहिल्या मापाचं असतं. सेन्सेक्समध्ये ३० कंपन्या आहेत. त्यांत मोठ्या बँका आहेत, तेल आहे, सॉफ्टवेअर आहे. टॉवेल नाही, विडी नाही, कांदा नाही, डाळिंब नाही. त्या आकड्यावरून सोलापूरच्या पुढच्या सहा महिन्यांचा अंदाज बांधणं म्हणजे मुंबईतला पाऊस मोजून उजनीचं पाणी सांगणं. माझं म्हणणं असं की जगाचा बाजार आपण उजनीसारखा वाचायला हवा. पाऊस कुठे पडला, तो कोणत्या नदीने येणार, आपल्यापर्यंत पोहोचायला किती दिवस लागणार आणि आपला मृतसाठा किती. हे वाचन शिकवणं, त्यासाठी लागणारे आकडे लोकांपुढे ठेवणं, ही शहरातल्या संस्थांची जबाबदारी आहे आणि ती आज कोणीही उचललेली नाही.

आधी त्या जपानी सोमवाराचं कारण सांगतो, कारण ते समजलं की घाबरायचं कधी आणि कधी नाही याचा थोडा अदमास येतो. जपानात कित्येक वर्षं व्याज जवळजवळ शून्य होतं. जगभरच्या मोठ्या गुंतवणूकदारांनी तिथून येनमध्ये स्वस्त कर्ज उचललं, त्याचे डॉलर केले आणि जिथे परतावा जास्त तिथे लावले. एका सावकाराकडून नगण्य व्याजाने पैसे घेऊन दुसरीकडे चढ्या व्याजाने फिरवणारा माणूस आपल्या पेठांमध्येही असतो, हे त्याचंच मोठं रूप. ३१ जुलै २०२४ ला बँक ऑफ जपानने आपला दर ०.२५ टक्क्यांवर नेला. दोन दिवसांनी अमेरिकेतले रोजगाराचे आकडे कमजोर आले. येन महागायला लागला, म्हणजे घेतलेलं कर्ज फेडणं महागायला लागलं, आणि सगळ्यांना एकाच वेळी कर्ज फेडायचं झालं. त्यासाठी हाताला येतील ते शेअर विकले गेले. कंपन्या वाईट झाल्या म्हणून ते विकले गेले नव्हते. पावसाचं पाणी गटारात तुंबून रस्त्यावर आलं आणि ओसरलं, धरणात काही फरक पडला नाही.

आयात कराचा धक्का वेगळा. तो थेट नदीने येतो. ऑगस्ट २०२५ मध्येच अमेरिकेने पाकिस्तानच्या मालावर १९ टक्के लावले, बांगलादेश आणि व्हिएतनामवर २०. टॉवेल सगळ्यांचे कापसाचेच. ५० आणि १९ मधलं अंतर कोणताही कारखानदार घासाघीस करून भरून काढू शकत नाही. शिवाय अमेरिकेला माल पाठवणाऱ्या आपल्याच देशातल्या मोठ्या गिरण्या तिथलं काम कमी झालं की गप्प बसत नाहीत, त्यांचा माल आखातात, युरोपात आणि देशी बाजारात वळतो. तिथे आपला छोटा कारखानदार आधीपासून उभा असतो. म्हणून ज्याने आयुष्यात अमेरिकेला एक खोका पाठवला नाही, त्यालाही हा कर लागतो. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणांना हे पटायला वेळ लागला. "आपला कुठं अमेरिकेशी संबंध," असं ते म्हणत राहिले आणि चाटी गल्लीतला कापड व्यापारी भाव पाडून मागायला लागला तेव्हा चक्रावले.

सुताचंही तसंच. कापसाचा भाव न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात, जिथे पुढच्या तारखेचे सौदे होतात, पौंडाला इतके सेंट असा ठरतो, आपल्याकडे तो ३५६ किलोच्या खंडीत बोलला जातो. मे २०२२ मध्ये खंडी एक लाख रुपयांच्या वर गेली होती. त्या दोन-तीन महिन्यांत ज्यांनी जुन्या भावात ऑर्डरी घेऊन ठेवल्या होत्या ते पार मेटाकुटीला आले. मला एक ताळेबंद आठवतो, वर्षभर माग चालले, उलाढाल वाढली आणि शेवटच्या ओळीत तोटा. ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग डिसेंबरअखेरपर्यंत माफ केलं. माग चालवणाऱ्याला दिलासा, पण विदर्भ-मराठवाड्यातल्या कापूसवाल्याच्या ऐन वेचणीत परदेशी कापूस बिनशुल्क. कर वॉशिंग्टनने लावला आणि त्याची किंमत कोणी सोसायची हे दिल्लीत ठरलं.

डॉलर महागला की निर्यातदाराची चांदी, असं सरसकट म्हटलं जातं. डिसेंबर २०२५ मध्ये रुपया डॉलरला नव्वदच्या पलीकडे गेला तेव्हाही म्हटलं गेलं. कागदावर ते बरोबर आहे. प्रत्यक्षात परदेशी खरेदीदारालाही रुपयाचा भाव रोज दिसतो, तो पुढच्या ऑर्डरीला सूट मागतो. रंग-रसायनं महागतात. आणि सोलापूरचा बराच माल मुंबईच्या व्यापारी निर्यातदारामार्फत जातो, त्यामुळे डॉलरचा फायदा आधी तिथे थांबतो. ज्यांची थेट निर्यात आहे त्यांनी बँकेत डॉलरचा पुढचा भाव बांधून घ्यावा, हे मी दरवर्षी सांगतो. फार थोडे ऐकतात, कारण भाव वर गेला तर चुटपूट लागते.

व्याजाची गोष्ट फार कमी लोकांना नीट सांगितली जाते. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, साडेसहावरून सव्वापाचवर आणला. माझ्याकडे एका यंत्रमागधारकाने विचारलं, "मग माझा हप्ता का उतरला नाही?" कारण त्याचं कर्ज सहकारी बँकेचं होतं. ऑक्टोबर २०१९ पासून व्यापारी बँकांना छोट्या उद्योगांची बदलत्या दराची कर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडावी लागतात. नागरी सहकारी बँका आणि पतसंस्थांना ते बंधन नाही. सोलापूरचा छोटा उद्योग सहकारावरच उभा राहिला आहे आणि त्याचं ऋण मी मानतो. पण रिझर्व्ह बँकेने व्याज उतरवलं असताना आपल्या शहराला ते उतरलेलं दिसत नसेल, तर तो प्रश्न सहकारी बँकेच्या वार्षिक सभेत उभं राहून विचारला पाहिजे. सभासदाला तो अधिकार आहे.

सोनं मात्र सगळ्यांनाच दिसतं. एप्रिल २०२५ मध्ये दहा ग्रॅमचा भाव लाखाला टेकला. २०२२ मध्ये रशियाचा परकीय चलनाचा साठा पाश्चात्त्य देशांनी गोठवला, त्यानंतर सलग तीन वर्षं जगातल्या मध्यवर्ती बँकांनी दरवर्षी हजार टनांहून जास्त सोनं घेतलं. विड्या वळणारी बाई मुलीच्या लग्नासाठी सराफ कट्ट्यावर जाते तेव्हा तिच्या रांगेत पोलंडची आणि चीनची मध्यवर्ती बँकही उभी असते, हे तिला कोणी सांगितलेलं नसतं.

आणि हे सगळं सोलापूरला नवीन नाही. १८६० साली रेल्वे सोलापुरात पोहोचली. पुढच्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेतल्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि इंग्लंडमधल्या लँकशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना. हिंदुस्थानी कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत त्या पैशावर शेअरचं वेड पसरलं. बॅक बेचा समुद्र भरून जमीन करणाऱ्या कंपनीचे शेअर आभाळाला भिडले, कापसाचे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांचं नाव घरोघरी गेलं. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि सगळा डोलारा कोसळला. पुढच्या दशकात सोलापुरात ती गिरणी उभी राहिली जिला आपण आजही जुनी मिल म्हणतो. तिच्या भोंग्यावर शहर उठायचं, जेवायचं आणि झोपायचं. पुढे १८९६ मध्ये इंग्रज सरकारने लँकशायरच्या सोयीसाठी हिंदुस्थानी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के उत्पादन शुल्क बसवलं, ते हटायला १९२६ उजाडलं. दुसऱ्या देशाच्या सोयीने बसलेला कर आपल्या मागावर येऊन पडतो, हे आपल्या पणजोबांनीही पाहिलं आहे.

ऑगस्ट १९४९ मध्ये जुनी मिल बंद पडली. जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने केवळ या एका कंपनीसाठी अध्यादेश काढून तिचा कारभार ताब्यात घेतला. त्याविरुद्ध भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेले. चिरंजीत लाल चौधरी हा खटला भागधारकाने गमावला, द्वारकादास श्रीनिवास या दुसऱ्या खटल्यात मात्र भागधारक जिंकला. घटनेच्या अभ्यासात हे दोन्ही निकाल आजही शिकवले जातात, आणि दोन्हींत आपल्या गावाचं नाव आहे. मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. अध्यादेशाच्या कारणांमध्ये सरकारने लिहिलं होतं की गैरव्यवस्था आणि हेळसांड यांमुळे जीवनावश्यक वस्तूच्या उत्पादनावर परिणाम झाला आहे आणि समाजाच्या एका वर्गात गंभीर बेकारी आली आहे. उपाय चुकला असेल, कायद्यात बसला नसेल. पण सोलापुरातले माग थांबणं हा देशाचा प्रश्न आहे, असं दिल्लीला तेव्हा वाटलं होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये शहरात किती माग थांबले याचा एक विश्वासार्ह आकडाही माझ्यासमोर कोणी ठेवू शकलं नाही. मी बऱ्याच ठिकाणी विचारलं. प्रत्येकाने अंदाजाने सांगितलं आणि प्रत्येकाचा अंदाज वेगळा होता.

इथे अंदाजांविषयी बोलायला हवं, कारण आपण एकतर त्यांच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवतो नाहीतर त्यांना थेट थापा म्हणतो. एप्रिल २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने भारताची त्या आर्थिक वर्षातली वाढ १.९ टक्के राहील असं म्हटलं. जूनमध्ये तो आकडा उणे ४.५ झाला, ऑक्टोबरमध्ये उणे १०.३. नंतर सुधारून आलेली प्रत्यक्ष आकडेवारी उणे ५.८ ची आहे. महामारी होती, चूक होणारच होती, त्याबद्दल मी त्यांना दोष देत नाही. असा अंदाज हे मुळात 'जर-तर'चं वाक्य असतं. जर टाळेबंदी इतके दिवस चालली, जर तेल इतक्यावर राहिलं, तर वाढ इतकी. बातमी होताना त्यातला 'जर' गळून पडतो आणि उरतो तो दशांश चिन्हासकट आकडा. हवामान खातं एप्रिलमध्ये पावसाचा अंदाज देताना पाच टक्के कमी-जास्त असं सोबत सांगतं. रिझर्व्ह बँक आपल्या पतधोरणात महागाईचा अंदाज पंख्यासारख्या आकृतीत काढते, जितकं पुढचं भाकीत तितका पंखा रुंद. ही प्रामाणिक पद्धत आहे. टीव्हीवर तो पंखा कधीच दिसत नाही.

सोलापूरकराला खरं तर हे शिकवायची गरज नाही. जानेवारीत सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत होमविधीनंतर भाकणूक होते. दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासरापुढे धान्यं, गूळ असं ठेवतात आणि त्याच्या वागण्यावरून यंदा पाऊसपाणी कसं, कोणती वस्तू महागणार हे मानकरी सांगतात. ती श्रद्धा आहे, मी स्वतः लहानपणापासून ती ऐकायला जातो. पण भाकणूक ऐकून गावी परतलेला शेतकरी दुसऱ्या दिवशी विहिरीत डोकावतो, बियाणं थोडं मागे ठेवतो, सगळं रान एकाच पिकाखाली घालत नाही. भाकीत ऐकून घेणं आणि त्यावर घर पणाला लावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याला कोणी पुस्तकातून सांगितलेलं नाही.

हेच भान आमच्या पोरांच्या हातून सुटत चाललं आहे, आणि त्याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. माझ्या त्या भाच्याला महिन्याला अठरा हजार पगार आहे. तो दर गुरुवारच्या एक्स्पायरीला, म्हणजे सौद्याची मुदत संपायच्या दिवशी, निफ्टी निर्देशांकाचे ऑप्शन घ्यायचा. ऑप्शन म्हणजे निर्देशांक वर जाईल की खाली यावर लावायचे सौदे. कुठल्याशा ग्रुपवर सकाळी सव्वानऊच्या आधी 'आजचा जागतिक मूड' यायचा, अमेरिका हिरवी, जपान लाल, आणि खाली कोणता ऑप्शन घ्यायचा ते. वर्षभरात त्याचे दीड लाख गेले. त्यात माझ्या बहिणीच्या भिशीचे चाळीस हजार होते. तिला ते कळलं तेव्हा ती त्याला काही बोलली नाही, दोन दिवस जेवली नाही.

तो एकटा नाही. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे आणि ऑप्शनमध्ये उतरलेल्या ९३ टक्के व्यक्तींनी पैसे गमावले. एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर. २०२३-२४ मध्ये या लोकांपैकी ७२ टक्के पहिल्या तीस शहरांच्या बाहेरचे होते, पंचाहत्तर टक्क्यांहून जास्त जणांनी आपलं वार्षिक उत्पन्न पाच लाखांच्या आत दाखवलं होतं. समोरच्या बाजूला त्याच वर्षी दलाली संस्थांच्या स्वतःच्या खात्यांनी सुमारे ३३ हजार कोटी आणि परदेशी गुंतवणूकदारांनी सुमारे २८ हजार कोटी सकल नफा कमावला, तोही बहुतांशी संगणकाच्या आज्ञावलींनी. २०२४-२५ मध्ये तोट्यात गेलेल्यांचं प्रमाण ९१ टक्के होतं. सेबीने ऑक्टोबर २०२४ मध्ये नवे नियम काढून कराराची किमान किंमत पंधरा लाखांवर नेली, साप्ताहिक ऑप्शन प्रत्येक बाजाराला एकाच निर्देशांकापुरते ठेवले. चांगलं केलं. माझ्या मते साप्ताहिक ऑप्शन पूर्ण बंद करायला हवेत. आठवड्याभरात निर्देशांक कुठे जाईल हे जगात कोणालाही सांगता येत नाही, आणि अठरा हजार पगाराच्या माणसाला त्यावर पैसे लावू देण्यात समाजाचं काहीही हित नाही.

आता याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवा. डिसेंबर २०२१ मध्ये सेबीच्या आदेशाने सात शेतमालांचे वायदे थांबवले गेले, त्यांत सोयाबीन, हरभरा, मूग आहेत. बंदीची मुदत नंतर पुन्हा पुन्हा वाढवत नेली. बार्शीकडचा शेतकरी सोयाबीन पेरतो तेव्हा चार महिन्यांनी काय भाव येईल याची धास्ती ही त्याची खरीखुरी जोखीम असते. वायद्याचा बाजार मुळात त्याच्यासाठी आहे. तो स्वतः तिथे गेला नाही तरी त्याची उत्पादक कंपनी जाऊ शकते, निदान पुढचा भाव फळ्यावर दिसतो आणि अडत्याशी बोलताना हातात काहीतरी असतं. सट्टेबाजीने भाव भडकतात हे बंदीचं कारण सांगितलं जातं. ते कारण मान्य करायचं तर ज्या ऑप्शनमागे एक पोतंही माल नाही त्यांना ते आधी लागू व्हावं. ज्याच्याकडे जोखीम आहे त्याला ती उतरवायची सोय नाही, आणि ज्याच्याकडे नाही त्याला ती विकत घ्यायची पुरेपूर सोय आहे. ही रचना मला अन्यायाची वाटते आणि ती बदलावी असं मी कोणापुढेही म्हणेन.

कांद्याचं उदाहरण तर आपल्या दारातलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूर बाजारात ५१२ किलो कांदा आणलेल्या बार्शी तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या हाती हमाली, तोलाई, भाडं जाऊन दोन रुपयांचा चेक पडला, ते छायाचित्र देशभर गेलं. त्याच वर्षी भाव सावरायला लागले तेव्हा ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यात शुल्क आलं आणि डिसेंबरमध्ये निर्यातबंदी. ती मे २०२४ मध्ये उठली, शुल्क पूर्ण जायला एप्रिल २०२५ उजाडला. भाव पडला तेव्हा तो बाजाराचा नियम होता, चढला तेव्हा सरकारी अधिसूचना आली. या शेतकऱ्याला जागतिक बाजाराचा अंदाज सांगून उपयोग काय? त्याच्यासाठी 'जग' दिल्लीतल्या एका कागदाशी संपतं.

मला कोणी विचारेल, निर्देशांकाला इतकं बाजूला का सारता, आता तर घरोघरी एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडातला महिन्याचा हप्ता आहे. खरं आहे, आणि मी ती स्वतः लोकांना सुरू करून दिली आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये परदेशी गुंतवणूकदारांनी एका महिन्यात ९० हजार कोटींहून जास्त किमतीचे भारतीय शेअर विकले, तरी बाजार कोलमडला नाही, कारण देशातल्या लोकांच्या महिन्याच्या हप्त्यांचा पैसा समोर उभा होता. त्यात जोडबसवण्णा चौकातल्या शिक्षिकेचे दोन हजारही होते. पण त्या शिक्षिकेला रोजचा जागतिक मूड लागत नाही. तिला पंधरा वर्षं लागतात. तिचं उत्पन्न या शहरातल्या व्यवहारावर उभं असेल, शाळेची फी भरणारे पालक मागावर काम करत असतील, तर तिनेही आधी मागाकडेच बघायला हवं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. सोलापूरचा स्वतःचा मासिक अंदाज निघाला पाहिजे. पाच-सहाच आकडे. सुताचा भाव, डॉलर, टॉवेल-चादरीच्या हातातल्या ऑर्डरी किती आठवड्यांच्या, किती माग चालू आणि किती बंद, कांदा-डाळिंबाची आवक आणि भाव, सहकारी बँकांचा कर्जाचा सरासरी दर. आपल्या विद्यापीठात अर्थशास्त्राचे विद्यार्थी आहेत, व्यापाऱ्यांची आणि यंत्रमागधारकांची संघटना आहे, बाजार समितीत रोजची नोंद असते. औद्योगिक कामगारांच्या महागाई निर्देशांकासाठी देशातल्या ज्या केंद्रांवरून भाव गोळा होतात त्यांत सोलापूर आहेच, म्हणजे इथे दुकानोदुकानी फिरून भाव टिपणं जमतं. कारखानदार ऑर्डरीचे आकडे लपवतील, ही शंका मला माहीत आहे, मीच ते आकडे लिहितो. नावं न देता एकत्र बेरीज मागितली तर बरेच जण देतील. आणि जिथे अंदाज द्यायचा तिथे पंखा काढावा, एक आकडा देऊ नये. मराठीत काढावा, तेलुगूत आणि कन्नडमध्येही. पूर्व भागात तो तेलुगूत पोहोचला नाही तर निम्म्या मागांपर्यंत पोहोचणारच नाही.

एवढ्याने २०२५ चा तो ५० टक्के कर टळला नसता. पण माल अडकण्याच्या तीन आठवडे आधी मागण्या उतरताना दिसल्या असत्या तर त्या कारखान्यात सूत उधारीवर इतकं भरून ठेवलं गेलं नसतं. ते सूत मी साठ्याच्या यादीत लिहिलं आहे, गोण्यांची संख्या मला पाठ आहे.

दिवाळीनंतर मी तिथे पुन्हा गेलो. मालकांच्या टेबलामागे मार्कंडेय महामुनींच्या तसबिरीशेजारी एक पांढरा फळा लागला होता. त्यावर चार ओळी, सूत, डॉलर, बँकेचं व्याज आणि हातातलं काम. दर सोमवारी ते स्वतः आकडे बदलतात. काही ऑर्डरी आखातातून आल्या होत्या, कमी भावाच्या. एकोणीस माग चालू होते. मी बसलो असतानाच कांडीवाल्या मावशी पगाराची उचल घ्यायला आल्या. फळ्याकडे बघून त्यांनी शेवटच्या ओळीचा अर्थ विचारला. मालकांनी सांगितलं, पाच आठवड्यांचं काम हातात आहे.

"मग नवी भिशी लावू का?"

मालकांनी एकदा फळ्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. म्हणाले, "लहान लावा मावशी. पाचशेची. मोठी लावायची तर हा आकडा आठच्या वर जाऊ दे, मी सांगतो तुम्हाला."